अध्यापक आणि कादंबरीकार : शिरोडे ते करवीर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी आम्हांस एखादा ऐतिहासिक लेख लिहिण्याची आज्ञा केली. ज्ञातीतील मूळ पुरुष, कुलदैवते, जुनी वतने या विषयांवर आमच्यापेक्षा अधिकारी मंडळींनी मागील अंकांतून पुष्कळ लिहिले आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे घोटवून घेण्यात गेला. तेव्हा ताम्रपट वाचण्याचा आव आणण्यापेक्षा ज्या धंद्यात हयात घालविली, त्याच धंद्यातील एका इतिहासाकडे वळावे असे ठरविले. नोकरी सांभाळून, आणि तीही मास्तरकी सांभाळून, प्रेमकथा लिहिणाऱ्या माणसांचा हा इतिहास आहे. विषय वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळी आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. त्या आठीचाही या लेखाशी संबंध आहे. तो पुढे येईल.

आमच्या करवीर नगरीस या बाबतीत एक भाग्य लाभले, ते सहसा कोणी सांगत नाही. सन १९३८ ते १९४९ या सुमारे अकरा वर्षांत मराठीतील दोन अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार एकाच वेळी या गावात राहत होते, आणि दोघेही अध्यापक होते; एक चालू नोकरीतले, दुसरे नुकतेच शाळा सोडून आलेले. पहिले प्राध्यापक ना. सी. फडके व दुसरे वि. स. खांडेकर. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात महाराष्ट्राने या दोघांस समोरासमोर उभे केले आणि वर्षानुवर्षे त्याच चष्म्यातून पाहिले. तो वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. आमचे कुतूहल अगदी निराळे व काहीसे घरगुती आहे. घंटा झाल्यावर वर्गावर जाणारा आणि महिन्याच्या पगारावर संसार चालविणारा माणूस कादंबरी लिहितो तरी केव्हा?

फडके यांचा जन्म १८९४ सालचा, कर्जतचा. १९१७ साली ‘अल्ला हो अकबर’ ही त्यांची पहिली कादंबरी आली. १९२६ साली ते आमच्या राजाराम महाविद्यालयात आले आणि १९४९ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, तेथेच राहिले. शिकविण्याचे विषय तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र वगैरे. दिवसा विद्यार्थ्यांना अनुमानाचे प्रकार समजावून द्यावयाचे आणि त्याच काळात ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१), ‘निरंजन’ (१९३२) अशा प्रणयप्रधान कादंबऱ्या लागोपाठ प्रसिद्ध करावयाच्या, असा त्यांचा क्रम. तर्कशास्त्राच्या अध्यापकाने प्रणयकथा लिहाव्यात याची पुष्कळांना मौज वाटते. आम्हांस ती वाटत नाही. कारण १९३१ सालच्या ‘प्रतिभासाधन’ ग्रंथात त्यांनी लेखनाच्या तंत्रावर जो भर दिला, तो मुळात मास्तराचाच भर आहे. घटक पाडावेत, क्रम लावावा, मुलाचे लक्ष कोठे उडेल हे आधीच ओळखावे, हे पाठाचे टाचण काढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. फडक्यांनी नायक-नायिकेच्या भेटीचे टाचण काढले, इतकेच. त्यांच्या नायकांची श्रीमंती व टापटीप आमच्या पिढीला परकी वाटली खरी. पण पुस्तक हाती घेतले की खाली ठेववत नसे, हेही खरे.

तथापि ज्यांच्याविषयी लिहावयास आम्ही प्रवृत्त झालो ते खांडेकर होत.

त्यांचा जन्म सांगलीत जानेवारी १८९८ मध्ये झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. मॅट्रिकनंतर फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश मिळाला, परंतु पदवीचे शिक्षण पुरे झाले नाही. म्हणजे ज्यांना पुढे १९७४ साली ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ते पदवीच्या हिशेबाने आमच्याच बाकावरचे! हे वाक्य लिहिताना आम्हांस किती समाधान झाले, ते मॅट्रिक मंडळींसच कळेल. १९२० साली ते वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे या समुद्रकाठच्या खेड्यात शाळामास्तर म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत अठरा वर्षे तेथेच राहिले. पुढे मुख्याध्यापकपदही त्यांच्याकडे आले. खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक म्हणजे काय, हे शहरातील वाचकांस सांगावयास हवे. शिकविणे हा त्यातला लहान भाग. उरलेले सारे म्हणजे हजेरीपट, वर्गणी, पालकांची समजूत, मुलांची आजारपणे आणि गळके छप्पर.

त्या गावी ते बाविसाव्या वर्षी गेले आणि पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली ती १९३० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आजच्या हिशेबाने हे वय तरुणच.  तोवर त्यांनी लिहिले नव्हते असे नाही. कविता, टीका, विनोदी लेख, लघुकथा हे सारे झाले होते. काही ‘कुमार’ या नावाने, तर काही ‘आदर्श’ या नावाने. कादंबरीस मात्र दहा वर्षे मास्तरकी घडावी लागली. आमचा स्वतःचा समज असा की, ही दहा वर्षे वाया गेली नाहीत. वर्गात शंभर घरांतील मुले बसतात, आणि मुलाच्या दप्तराबरोबर त्याचे घरही शाळेत येते. कोणाची आई माहेरी निघून गेली, कोणाच्या बहिणीचे लग्न हुंड्यापायी मोडले, हे मास्तरास न विचारता समजते. प्रेमकथेला लागणारा माल तो हाच. चांदणे आणि मोगरा नंतर घालता येतात.

ज्या वर्षी ‘हृदयाची हाक’ आली, त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. गावाच्या अंगणात एवढी मोठी घटना घडत असता तेथला मास्तर प्रेमाच्या गोष्टी लिहितो, असा आक्षेप कोणी घेईल. पुढच्या कादंबऱ्या पाहिल्या म्हणजे त्याचे उत्तर मिळते. ‘कांचनमृग’ १९३१ साली. ‘दोन ध्रुव’ व ‘उल्का’ ही दोन्ही १९३४ साली. त्यांत प्रेम आहेच, पण प्रेम करणाऱ्या माणसाच्या पायाखाली जमीन कोणती, तो खातो काय, आणि त्याचे ध्येय त्याच्या प्रेमास कोठे आडवे येते, हे प्रश्न सुटत नाहीत. १९३६ साली हंस पिक्चर्सच्या ‘छाया’ या चित्रपटाची कथा त्यांनी दिली, तेव्हाही ते शिरोड्यास शाळेतच होते.

१९३८ साली चित्रपटकथेच्या कामासाठी ते कोल्हापुरास आले आणि येथलेच झाले. शिरोडे सुटले त्याच वर्षी ‘हिरवा चाफा’ व ‘दोन मने’, मग ‘रिकामा देव्हारा’, ‘पहिले प्रेम’, ‘जळलेला मोहर’, आणि १९४२ साली ‘क्रौंचवध’. १९३० ते १९४२ या बारा वर्षांत दहांहून अधिक कादंबऱ्या, आणि या सर्व काळात आधी शाळेचे व मग चित्रपटाचे, असे काही ना काही पोटाचे काम मागे लागलेले. पुढे मात्र ‘पांढरे ढग’ १९४९ साली, मग ‘अश्रू’, आणि ‘ययाति’ १९५९ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. देवयानी, शर्मिष्ठा व ययाति यांची कथा लिहावयास हे वय योग्यच होते, असे आमचे मत आहे. पंचविशीतला लेखक ययातीची हाव रंगवू शकेल, पण त्या हावेची लाज त्याला कोठून ठाऊक असणार? मोकळ्या वेळाने पुस्तकांची संख्या वाढत नाही, हे या सनांवरून कोणासही दिसेल. प्रकृती, दृष्टी, बदललेला काळ अशी कारणे अनेक असतील. आम्ही केवळ सन मांडले आहेत.

या दोघा पुरुषांनी प्रेमकथा स्वतःच्या नावाने लिहिल्या. स्त्री-शिक्षिकेस ते सोपे नव्हते. अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेतील शिक्षिका बाळूताई खरे यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ व १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ ही पुस्तके प्रसिद्ध केली, ती विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातील इच्छा त्यांनी उघड बोलून दाखविल्या, आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही विभावरी कोण, याचा शोध लोक रागारागाने घेऊ लागले. पुढे त्या मालतीबाई बेडेकर म्हणून सर्वांस माहीत झाल्या. टोपणनावाची गरज का पडली, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे. आम्ही शाहूपुरीचे. शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसविलेली आणि गुळाच्या सौद्यांनी नावारूपास आलेली ही पेठ. हिच्या गल्ल्यांत प्रणयापेक्षा वजनकाटा अधिक शोभतो. सन २००१ च्या जनगणनेच्या कामावर आम्हांस नेमले होते, तेव्हा आमचे वय त्रेचाळीस. एका घरी तक्ता भरताना वैवाहिक स्थितीच्या रकान्याशी एक प्रौढ बाई थबकल्या. त्यांनी उत्तर दिले, आम्ही आकडा लिहिला, आणि चहा घेऊन बाहेर पडलो. पण ते थबकणे आमच्याबरोबर घरी आले. त्या रात्री मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर एका शंभर पानी वहीत आम्ही पहिले पान लिहिले. पुढे दीड वर्ष हाच क्रम होता. सकाळची शाळा, दुपारी एक शिकवणी, रात्री साडेनऊनंतर दोन पाने. स्टेशनात शेवटची गाडी शिरल्याचा आवाज आला की टाक खाली ठेवावयाचा. रविवारी करवीर नगर वाचन मंदिरातून खांडेकरांचे एक व फडक्यांचे एक अशी पुस्तके आणावयाची, ती चोरून शिकण्यासाठीच. बाबा कदम यांच्यासारखे वकिली पेशातील लेखक याच कोल्हापुरात राहून घरोघर वाचले जात होते. तेव्हा आपणासही का जमू नये, अशी एक भाबडी उमेदही होती. एकोणीस प्रकरणे झाली.

मग ज्ञातीच्या एका बैठकीत, कोणाकडून कसे कोण जाणे, ही वार्ता फुटली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांदेखत विचारले, “मास्तर, या वयात प्रेमाच्या गोष्टी लिहिता म्हणे? मुलगी उजवायची आहे ना अजून?” लोक हसले. त्यांत दुष्टावा नव्हता, हे आम्ही आजही मान्य करतो. ते खरोखरच आमच्या मुलीच्या काळजीने बोलले. परंतु त्या रात्री वही ट्रंकेत गेली. टोपणनावाचा विचार मनात आला होता. पण शाहूपुरीच्या गल्लीत टोपणनाव किती दिवस टिकणार? मुलीचे लग्न यथाकाल, ज्ञातीतच, चांगल्या घरी झाले. त्या गृहस्थांनी अक्षताही टाकल्या. ते आज हयात नाहीत. त्यांच्यावर आमचा राग नाही, तथापि ही हकीकत याच स्मरणिकेत छापली जावी, अशी इच्छा मात्र होती. येथे दर वर्षी पदवीधरांची, बढती मिळालेल्या अधिकाऱ्यांची व देणगीदारांची यादी येते, आणि ती यावीच. परंतु कचेरीतून आल्यावर रात्री काहीबाही लिहून ट्रंकेत टाकणारे आमच्या ज्ञातीत आणखी किती असतील, ते कोणत्याच यादीवरून समजत नाही. त्यांच्यापैकी कोणी हा लेख वाचीत असेल तर त्याने आम्हांस जरूर भेटावे. आम्ही सायंकाळी घरीच असतो.

सेवानिवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. सकाळ, दुपार, रात्र सर्व वेळ आमचा आहे, तरी विसावे प्रकरण लिहून होत नाही. टेबल खिडकीशी आहे, चष्मा नवा आहे. घंटा मात्र नाही. शाळेतून येताना मनात घोळणारे वाक्य घरी पोहोचेपर्यंत विसरू नये म्हणून जी धडपड होई, ती आता होत नाही. शिरोड्याच्या हेडमास्तरांनी शाळा सुटल्यावर दिवा लावून काय काय लिहिले असेल, याची कल्पना आम्हांस आता अधिक येते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सौभाग्यवतींनी ट्रंक उघडली. वहीच्या कडा वाळवीने थोड्या खाल्ल्या आहेत, अक्षरे शाबूत आहेत. त्यांनी दुपारभर बसून एकोणीसही प्रकरणे वाचली आणि चहा देताना एवढेच विचारले, “त्या बाईंनी त्या रकान्यात शेवटी काय लिहायला सांगितलं?” आम्ही म्हणालो, ते अजून ठरावयाचे आहे. त्या म्हणाल्या, “मग ठरवा की. मुलगी काय आता परत यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशन रस्त्यावरून नवी शंभर पानी वही आणली.