नळ्यातलं वंगण, डब्यातलं ग्रीस

आखाला काय लावायचं, हा प्रश्न आमच्या ताम्हिणीत चार पिढ्यांचा आहे. फक्त आख बदलत गेले. हल्ली रविवारी पुण्याची पोरं घाटात मोठाल्या मोटारसायकली घेऊन येतात. त्यातल्या काहींना चेन नसते. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत एका फिरत्या दांड्यानं जाते, त्याला शाफ्ट म्हणतात. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या पोरांना चेन चांगली कळते, शाफ्ट कळत नाही. मी दहावी झाल्यावर चार वर्षं एका जीपवर क्लीनर होतो, म्हणून ती मला विचारतात, "काका, ह्याला कुठलं ग्रीस?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

बैलगाडीचं वंगण घरीच व्हायचं. करंजाचं तेल नाहीतर एरंडेल घ्यायचं, गवत जाळून त्याची काजळी वस्त्रगाळ करायची आणि दोन्ही घोटायचं. नुसतं तेल आखावरून गळून जातं, काजळीनं ते दाट होऊन धरून राहतं. आखाला अंबाडीचा वाख गुंडाळून त्यावर हे चोपडायचं आणि मग चाक चढवायचं. बांबूच्या नळ्यात वंगण भरून तो गाडीखाली टांगलेला असायचा, आणि लांबचा पल्ला असला की वाटेत चाक ढिलं करून पुन्हा घालायचं. आजोबा आंबेमोहोर भरून ज्या वाटेनं खाली जायचे ती वाट आता मुळशीच्या धरणात आहे. सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, पण धरण झालंच.

आमच्या घरात चरबीचं वंगण कधी आलं नाही. दादा त्याला शिवायचे नाहीत. ह्या गोष्टीला हसू नये. १८५७ चा भडका ज्या काडतुसांवरून उडाला ती एनफील्ड बंदुकीची होती, आणि भांडण त्यांना लावलेल्या वंगणाचं होतं. गाईची चरबी की डुकराची, हा संशय शिपायांच्या मनातून गेला नाही. पुढं विलायतेत त्याच एनफील्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांनी आपल्या सायकलींना रॉयल एनफील्ड नाव दिलं, आणि १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार व्हायला लागली. म्हणजे आपल्या देशातल्या सगळ्यात लाडक्या मोटारसायकलीचं नाव त्या काडतुसांच्याच गावचं आहे.

आता ग्रीसकडं येतो. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण. काजळीचं काम इथं साबण करतो. साबण तीन जातीचे धरा. सोड्याचा साबण उष्णता चांगली सोसतो, पण धुण्याच्या साबणासारखा पाण्यात विरघळतो. चुन्याचा साबण पाण्याला दाद देत नाही. देशावरच्या जड पाण्यात साबण लावला की बादलीच्या काठाला पांढरी साय चिकटते आणि घासली तरी निघत नाही, ती चुन्याच्या साबणाचीच. चेसिस ग्रीस म्हणून स्वस्त मिळतं ते बहुधा ह्याच जातीचं. पाण्यात ते टिकतं, पण साधारण पाऊणशे अंशांच्या पुढं तापलं की त्याचा घट्टपणा मोडतो आणि तेल गळून जातं. तिसरा लिथियमचा. अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल नावाच्या माणसानं १९४२ साली त्याचं पेटंट घेतलं. तो पाणीही बरंच सोसतो आणि उष्णताही. आपल्याकडं एमपी थ्री, एपी थ्री म्हणून जे पिवळट ग्रीस दुकानात मागतात ते बहुतेक लिथियमचं. त्यातला तीन हा घट्टपणाचा नंबर. दोन नंबर लोण्यासारखा, तीन त्याहून कडक.

ह्या तिघांतला फरक मी पुस्तकात नाही, घाटात शिकलो. १९८१ चा श्रावण होता. वरच्या वाडीची एक बाई अडली होती, तिला जीपमधून पौडला न्यायचं होतं. पाऊस असा की पुढचं दिसत नव्हतं. एका वळणावर खालून ठाणठाण आवाज यायला लागला. ड्रायव्हरमामानं गाडी लावली आणि आडवा होऊन बघितलं. मागच्या शाफ्टचा क्रॉस गेला होता. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिकचिन्हासारखा तुकडा. त्याच्या चारी टोकांना सुईसारखी बारीक बेअरिंगं असतात. ती कोरडी पडून गंजली होती, आत ग्रीसऐवजी लाल चिखल. आठ दिवसांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजात सर्व्हिसिंग झालं होतं, तिथं काय भरलं होतं देव जाणे. पाण्यानं ते पार धुऊन नेलं होतं.

बाई आत कण्हत होती, तिची सासू देवीचं नाव घेत होती. मामानं मला पाना आणायला सांगितला. भर पावसात त्यानं मागचा शाफ्ट सोडवला, उचलून मागं टाकला आणि पुढच्या चाकांचा गिअर ओढला. जीपला चारी चाकांचं बळ असतं, त्यामुळं मागचा शाफ्ट नसला तरी ती पुढच्या चाकांवर चालते. तशीच हळूहळू पौडपर्यंत नेली. मुलगी झाली. आता तिचीच मुलगी कॉलेजात आहे. पण तो शाफ्ट चालत्या गाडीत पुढच्या बाजूनं सुटून रस्त्यात रुतला असता, तर दरी चार हातांवर होती. त्यानंतर मामा दर पंधरा दिवसांनी स्वतः ग्रीस गन घ्यायचा. निपलमधून नवं ग्रीस रेटायचा आणि जुनं काळं ग्रीस चारी टोकांनी बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचा नाही.

मोटारसायकलीचा शाफ्ट तर जीपहून थोरला आहे. बेल्जियमच्या एफएन कंपनीनं १९०५ सालीच शाफ्टची गाडी काढली होती. १९२३ मध्ये माक्स फ्रित्झनं बीएमडब्ल्यूची आर ३२ केली आणि ती रीत रुजली. दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात चेनी वाळूनं खलास व्हायच्या, म्हणून अमेरिकन सैन्यानं हार्लेकडून हजारभर शाफ्टच्या गाड्या करून घेतल्या. त्यांचा वैरी वाळू, आमचा पाणी. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पाण्यात चाललेल्या गाडीच्या शाफ्टचं रबरी बूट जरा जरी फाटलेलं असलं, तरी आत डबकं होतं.

तर पोरांना मी सांगतो ते असं. एका शाफ्टवर तीन कामं असतात आणि तिन्हींना एकच डबा चालत नाही. मागच्या चाकाजवळच्या गोल पेटीत दातेरी चाकं असतात, तिथं गिअर ऑइल लागतं. तिथं ग्रीस कोंबणारे मी पाहिलेत. क्रॉसला निपल असेल तर लिथियमचं, जास्त दाब सोसणारं, दोन नंबर. निपल नसेल तर तो सांधा कारखान्यात बंद केलेला असतो, खिळखिळा झाला की बदलायचाच. आणि शाफ्टच्या टोकाला ज्या उभ्या खाचा असतात, एकात एक सरकणाऱ्या, तिथं मोली. मोली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, शिसपेन्सिलीच्या पुडीसारखं काळं. त्याचे पापुद्रे एकमेकांवर घसरतात, त्यामुळं तेल पिळून निघालं तरी लोखंडाला लोखंड लागत नाही. खाचा गोल फिरून घासत नाहीत, दाबाखाली जागच्या जागी पुढंमागं सरकतात. तिथं साधं ग्रीस थोड्याच दिवसांत बाजूला सारलं जातं आणि मग लाल भुकटी दिसायला लागते. मोली भरपूर असलेलंच घ्यावं, महाग पडलं तरी. लागतं किती? बोटभर. ब्रशनं पातळ हात फिरवायचा. क्लचच्या खाचांना जास्त फासलं तर ते उडून कोरड्या क्लचवर जातं आणि गाडी घसरायला लागते.

जुन्यावर नवं कधी चढवू नये. एका साबणाचं दुसऱ्याशी पटेलच असं नाही. न पटलेलं ग्रीस ताकासारखं फुटून गळतं. आधी रॉकेलनं धुवावं, फडक्यानं कोरडं करावं. आणि धुण्याच्या दुकानात प्रेशरचा पाइप बुटाच्या तोंडावर धरू देऊ नये. पावसापेक्षा तो वाईट.

खालच्या गॅरेजवाल्या पोरानं आता मोलीचा डबा वेगळ्या फळीवर ठेवलाय आणि झाकणावर खडूनं "फक्त खाचा" लिहिलंय. बाकी सगळ्याला अजून एमपी थ्री. परवा एका गाडीचं बूट काढलं तर आतून पेलाभर पाणी निघालं. मालक म्हणाला, "गाडी तर छान चालत होती." पोरानं काही उत्तर दिलं नाही, रॉकेलचा डबा पुढं ओढला.