म्हशीच्या मेंदूतलं प्रोटीन

१९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी सुरू झाली, मुंबईतल्या तबेल्यांमधल्या म्हशी तिथे हलवल्या गेल्या. जोगेश्वरीतले तबेले मात्र बरेच टिकले. तबेल्यात रेबीज आला की तो ओळखूच येत नाही. म्हैस लाळ गाळते, चारा गिळत नाही. घशात काहीतरी अडकलंय असं वाटून माणूस सरळ तिच्या तोंडात हात घालतो! म्हणजे मेलेल्या म्हशीचं निदान हे खरं तर त्या माणसासाठी असतं. त्याची लस लगेच सुरू करायचीच, पण लाळेशी आणखी कोणाचा संबंध आला हे रिपोर्ट आल्यावर जोरात शोधलं जातं.

१९०३ मध्ये इटलीच्या अ‍ॅडेल्की नेग्रीला पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूपेशींत ठिपके दिसले. गाई-म्हशींत ते बहुतेक लहान मेंदूत सापडतात. ठिपका दिसला तर रेबीज नक्की. पण नाही दिसला तर? रेबीज असूनही ते कधीकधी दिसत नाहीत. १९५८ मध्ये गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी थेट विषाणूचं प्रोटीनच पकडलं. त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीला चमकणारा रंग लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकलं की पॉझिटिव्ह. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १८८६) ही टेस्ट वापरली गेलीय.

मग १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये 'मॅड काऊ' सापडला, आणि ही युक्तीच चालेना. कारण इथे दोषी प्रोटीन परकं नाही, गाईचंच आहे, फक्त चुकीच्या घडीचं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्ट्रिंग तीच, त्यामुळे साधी अँटीबॉडी दोन्हींना चिकटते. उपाय भन्नाट होता: नमुन्यात प्रोटीनेज-के हे एन्झाइम टाकायचं. चांगलं प्रोटीन पचून जातं, बिघडलेल्याचा गाभा उरतो. उरलं तर पॉझिटिव्ह.

जिवंतपणी कळावं म्हणून '१४-३-३' नावाच्या प्रोटीनकडेही लोक वळले. ते १९६७ मध्ये गाईच्याच मेंदूत सापडलं होतं; नाव म्हणजे चाचणीतल्या नळ्यांचे आणि जागेचे नंबर, अगदी घाईत सेव्ह केलेल्या फाइलसारखं! १९९६ मध्ये माणसांच्या मणक्यातल्या पाण्यात ते अशा प्रकारच्या आजाराची खूण ठरलं. पण ते फक्त मेंदूपेशी मरतायत एवढंच सांगतं. कशामुळे, ते नाही. गाईंसाठी आजही मेल्यावर मेंदूचा देठच तपासतात.