बेग आणि बोयार

बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना एक सोय आपोआप मिळते. रिक्षात बसून घरमालकाबद्दल बोलायचं असेल किंवा दुकानदारासमोरच साडी महाग वाटते असं एकमेकींना सांगायचं असेल, की आम्ही मराठीवर येतो. परमुलखात आपली भाषा हा आडोसा असतो. पंधराव्या शतकात दख्खनमध्ये आलेल्या एका रशियन व्यापाऱ्याने याच्या बरोबर उलट केलं. आपल्या राज्यकर्त्यांविषयी मनातलं लिहायची वेळ आली तेव्हा त्याने आपली भाषा सोडली आणि परक्या भाषेचा आडोसा घेतला. त्याच्या प्रवासवर्णनातले काही भाग मराठीत आणायचं काम करताना मी या एका जागी सर्वांत जास्त दिवस अडकले.

अफनासी निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. त्वेर तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं आणि मॉस्कोचं जुनं प्रतिस्पर्धी. मॉस्कोच्या गादीवर तिसरा इवान होता. 1460च्या दशकाच्या उत्तरार्धात निकितिन माल घेऊन व्होल्गेवरून निघाला. सोबत शिरवानच्या राजाचा वकील होता आणि त्याच्याकडे इवानने भेट दिलेले नव्वद ससाणे होते. अस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटलं. मालाबरोबर निकितिनची धर्मपुस्तकंही गेली. ज्यांचं घरी काही शिल्लक होतं ते परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं त्यांना परतीची वाट नव्हती, ते पाय नेतील तिकडे गेले. निकितिन बाकू, इराण आणि होर्मुझ करत एक घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला तो 1498 साली, म्हणजे याच्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

चौलहून तो घाट चढून जुन्नरला आला, तोवर पाऊस लागला होता. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल. या ऋतूला त्याने ‘हिवाळा’ म्हटलं आहे, कारण घरात कोंडून बसायचा ऋतू त्याला तोच ठाऊक होता. इथे घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, असं त्याने नोंदवलं आहे. जुन्या रशियन मजकुरात ‘किचिरिस’ हा शब्द दिसला तेव्हा मला हसू आलं.

जुन्नरच्या असदखानाने हा माणूस मुसलमान नाही असं कळताच त्याचा घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर दोन्ही गेलं. मुदत चार दिवसांची. ऐनवेळी खोरासानचा एक ख्वाजा मुहम्मद आला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. निकितिनला वाचवणारा मुसलमानच होता आणि त्याने स्वतःही पुढे ‘ख्वाजा युसुफ खोरासानी’ या नावाने वावरायचं पत्करलं होतं. हिंदूंना मात्र त्याने आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं. मग त्यांनीही त्याच्यापासून काही लपवलं नाही, त्याला श्रीशैलच्या यात्रेलाही नेलं.

बिदरला मी बंगळूरहून रात्रीच्या गाडीने गेले होते. बाजारात कानडी, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात ऐकू येतात. भालकी-औरादकडच्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. महमूद गवानच्या मदरशाचा एकच मिनार आता उभा आहे. निकितिन आला तेव्हा हा गवानच राज्याचा वजीर होता. इराणच्या गिलानमधून व्यापारासाठी आलेला हा परदेशी ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, झाला होता. सुलतान तिसरा मुहम्मदशहा विशीतला तरुण. त्याच्या वाड्याला सात दरवाजे आणि दर दरवाज्यावर पहारेकऱ्यांबरोबर लेखनिकही बसलेले, कोण आत आला आणि कोण बाहेर गेला ते टिपायला. निकितिनचं लक्ष तिथल्या विषमतेवरही गेलं. खेड्यातली माणसं उघडी, तर सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात. या सरदारांसाठी त्याने आपल्याकडचा शब्द वापरला आहे: बोयार. रशियातल्या मोठ्या घराण्यांतल्या जहागीरदारांना बोयार म्हणत.

हे सगळं त्याने रशियनमध्ये लिहिलं. बिदरच्या बोयारांची चैन आणि रयतेची दैना सांगताना त्याला भाषा बदलावीशी वाटली नाही. मग आपल्या देशाची आठवण येते आणि भाषा बदलते. तुर्की, फारसी आणि अरबी यांच्या बाजारी मिश्रणात तो रशियन भूमीसाठी दुवा मागतो, तिच्यासारखी भूमी जगात नाही म्हणतो आणि लगेच तिथल्या सत्ताधाऱ्यांना दोष देतो. दोष नेमका कोणता, यावर अभ्यासकांचे दोन तर्क आहेत. काहींच्या मते ते अन्यायी आहेत असं त्याला म्हणायचं आहे, काहींच्या मते ते एकमेकांशी भावासारखे वागत नाहीत असं. इथे त्याने ‘बोयार’ हा शब्द वापरलेला नाही, ‘बेग’ म्हटलं आहे. बिदरच्या सरदारांना रशियन नाव आणि रशियाच्या सरदारांना तातारी नाव!

भाषा बदलायचं कारण फक्त भीती असेल, असं मला वाटत नाही. तो प्रार्थनाही याच मिश्र भाषेत करतो. पुस्तकं गेल्यामुळे त्याला ईस्टर कधी येतो ते कळेनासं झालं होतं आणि मुसलमानांच्या रोज्यांबरोबर तो आपले उपास धरत होता. अनेक वर्षं ज्या भाषेत सौदे केले, त्या भाषेत देवाशीही बोलणं होऊ लागतं. पण बायकांच्या बाजाराबद्दल लिहितानाही तो असाच रशियनमधून बाहेर पडतो. म्हणजे जे उघड लिहिताना जीभ अडखळते, ते या भाषेत जातं. राजांचा विषयही त्यातलाच होता.

परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला. 1475 साली व्यापाऱ्यांनी त्याच्या वह्या मॉस्कोला नेऊन दिल्या त्या वासिली ममिर्योवच्या हाती, आणि हा ममिर्योव खुद्द इवानच्या दरबारचा कारभारी. पुढे हा मजकूर बखरींत उतरला. नकलांमध्ये त्या परक्या शब्दांची रूपं वेगवेगळी दिसतात. दहा वर्षांनी, 1485 मध्ये, इवानने त्वेर गिळंकृत केलं. बेग आपसात भाऊ नव्हते, हा अर्थ धरला तर निकितिनचं बोलणं त्याच्याच गावावर खरं ठरलं. इकडे बिदरमध्ये 1481 साली गवानच्या नावाचं बनावट पत्र पुढे करून विरोधकांनी सुलतानाचे कान भरले आणि सुलतानाने त्या म्हाताऱ्या वजिराचा शिरच्छेद करवला. लिहिलेल्या दोन ओळी काय करू शकतात, हे दोन्ही दरबारांना ठाऊक होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझिनला या प्रवासवर्णनाची नक्कल एका मठाच्या संग्रहात सापडली. सोव्हिएत काळात निकितिन भारत-रशिया मैत्रीचा आद्य दूत झाला. 1955 साली त्याच्या गावात त्याचा पुतळा उभा राहिला. तेव्हा त्वेरचं नाव बदलून एका सोव्हिएत नेत्याच्या नावावरून कालिनिन ठेवलेलं होतं. 1957 साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांचा ‘परदेसी’ आला. चौलजवळ रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. मैत्रीच्या भाषणांत घोडा येतो, समुद्र येतो. बेगांबद्दलची ती तक्रार बहुधा राहून जाते.

अनुवादातही ती हरवण्याचा धोका आहे. सगळा मजकूर एकसारख्या स्वच्छ मराठीत आणला तर अर्थ पोचतो, पण हा माणूस इथे वळून हळू आवाजात बोलला हे कळत नाही. मी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. ‘अबोदान’ म्हणजे आपलं आबाद. ‘रास्ते’ म्हणजे रास्त, जे रेशन दुकानाच्या पाटीवर आपण आयुष्यभर वाचत आलो. ‘कम’ तर कमच. त्याच्या गावच्या वाचकाला जे कळू नये असं होतं, ते मराठी वाचकाला अर्ध्याहून जास्त कळतं, कारण त्याला आडोसा देणारी फारसी बहमनी अमलापासून आपल्या भाषेतही मुरली आहे.

म्हणून मी तिथे देश समृद्ध होवो असं न लिहिता आबाद होवो असं लिहिलं, न्यायाच्या जागी रास्त ठेवलं आणि बेगांना बेगच राहू दिलं. तळटीप दिली नाही. त्या परिच्छेदापाशी भाषेचा रंग का बदलला, असं वाचकाच्या मनात आलं तरी पुरे.