उमरावतीची गाठ, कोबेची कढई

साल 1893. दिवाळी होऊन गेलीय आणि तुम्ही उमरावतीच्या कापूस बाजारात उभे आहात. बंड्यांची रांग हलता हलत नाही. धुऱ्याशी बसलेल्या बैलाच्या शिंगांवर पोळ्याचा हिंगूळ अजून उरलाय. त्याच्या खांद्यावर हात फिरवा. खांदेमळणीच्या रात्री हळद-तूप चोळून ह्याच जागी मालकाने त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन दिलं होतं.

"हे गाठ जपानले चालली म्हन्तात, भाऊ," हमाल सांगतो.

खरं आहे ते. नोव्हेंबरातच हिरोशिमा मारू हे जहाज कोबेहून मुंबईला निघालंय. जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीला हाताशी धरून हा मार्ग सुरू केलाय, कापसाचं भाडं उतरावं म्हणून. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस, व्यापारी ज्याला उमरावतीवरून 'उमरा' म्हणतात, ओसाकाच्या गिरण्यांना हवाय.

गाठीबरोबर तुम्हीही निघता. बडनेरा, मग रात्री अकोल्याचे मिणमिणते दिवे, भुसावळ, मुंबई. पुढे नुसतं पाणी.

कोबेला उतरता तेव्हा बोचरी थंडी आहे. गाठी मोजून घेणारा गिरणीचा कारकून हातानेच "चला" म्हणतो. बुटक्या दाराच्या खोलीत चटईवर बसवतो. मधे निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर उथळ लोखंडी कढई. चरबीचा तुकडा फिरतो, पातळ कापलेलं मांस पडतं, वर साखर, सोयाचा काळा रस. मग पातीच्या कांद्याचे जाड तुकडे, तोफू. गोडसर वाफ तोंडावर येते. कारकून अंडं फोडून वाटीत फेटतो, कढईतला गरम घास त्यात बुडवतो.

मांस कशाचं, हे तो कपाळाशी दोन बोटं धरून दाखवतो.

तुमचा हात मांडीवरच राहतो. त्याला राग येत नाही. त्याच्या आजोबांचाही राहिला असता. 675 मध्ये तेम्मू सम्राटाने शेतीच्या महिन्यांत गाय-बैल खायला बंदी केली, आणि पुढे हजारावर वर्षं इथल्या बहुतेकांनी बैलाकडे पाहिलं ते चिखलात राबणारा सोबती म्हणूनच. कोबेमागच्या डोंगरातले ताजिमाचे बैलही शेतात राबणारेच. 1872 मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि मन फिरू लागलं. मला मात्र अडतं ते पदार्थाच्या नावाशी. सुकियाकी. सुकी म्हणजे शेतातलं फावडं, याकी म्हणजे भाजलेलं. शेतकरी फावड्याच्या पात्यावरच भाजून खायचे, त्यावरून नाव पडलं, असं तिथे सांगतात. धुऱ्यावर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजणाऱ्या माणसाला हे उलगडून सांगावं लागत नाही.

कारकून कढईतलं काही वाढत नाही. पांढऱ्या भाताची वाटी तेवढी पुढे सरकवतो. तुम्ही कमरेची पुरचुंडी सोडता. घरून बांधून दिलेली जवसाची चटणी, इतक्या दिवसांनीही खमंग. चिमूटभर भातावर टाकता.

तो वाकून वास घेतो, बोटाने चाटून बघतो. डोळ्यांत पाणी येतं. नाक पुसतो, आणि आपल्या भाताची वाटी तुमच्यापुढे धरतो.