एकजात प्रतिपिंडांची कुळकथा

रक्तगट तपासताना काचपट्टीवरच्या रक्तात एका ठिकाणी निळा आणि दुसऱ्या ठिकाणी पिवळा थेंब मिसळतात. निळ्यात ‘ए’ गट ओळखणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात, पिवळ्यात ‘बी’. केमिस्टाकडे मिळणाऱ्या गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी किंवा स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब हेही याच कुळातलं. मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेल्या, एकजात प्रतिपिंडांचं हे कूळ केंब्रिजमधले शास्त्रज्ञ सेझार मिलस्टाईन यांच्या प्रयोगशाळेत जन्माला आलं.

प्रतिपिंडं मिळवायची जुनी रीत म्हणजे जनावराला प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडं बनायला लावणारा परका पदार्थ, टोचायचा आणि काही दिवसांनी त्याच्या रक्तातला द्रव काढून घ्यायचा. सर्पदंशावरचं औषध मुंबईच्या हाफकिनमध्ये असंच घोड्यांच्या रक्तापासून तयार होत आलं आहे. या रीतीनं असंख्य जीव वाचवले. पण त्या द्रवात नाना तऱ्हांची प्रतिपिंडं एकत्र असतात आणि जनावर बदललं की मिश्रणही बदलतं. दर वेळी हुबेहूब तेच प्रतिपिंड हवं असेल तर ही रीत पुरत नाही.

मिलस्टाईन यांचा जन्म १९२७ चा, अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाचा. ज्यू स्थलांतरिताचं हे कुटुंब. परिस्थिती बेताची, पण मुलांना विद्यापीठापर्यंत शिकवायचंच, असा आईवडिलांचा निश्चय. ब्वेनोस आयरेस आणि केंब्रिज इथे डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले, माल्ब्रान संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारू लागले. १९६२ च्या लष्करी बंडानंतर संस्थेच्या संचालकांना काढून टाकण्यात आलं, सहकाऱ्यांचा छळ सुरू झाला. मिलस्टाईन यांनी राजीनामा दिला आणि १९६३ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. अर्जेंटिनाचं हे नुकसान कधीच भरून निघालं नाही, असं मला वाटतं.

केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी त्यांना विकरांचा अभ्यास सोडून प्रतिपिंडांकडे वळायला सुचवलं. मिलस्टाईन यांना पडलेला प्रश्न निखळ कुतूहलाचा होता: कधीही न भेटलेल्या लाखो परक्या पदार्थांसाठी शरीर वेगवेगळी प्रतिपिंडं बनवतं तरी कसं? एक पेशी एकाच तऱ्हेचं प्रतिपिंड बनवते, पण शरीराबाहेर ती थोड्याच दिवसांत मरते. मायलोमा या कर्करोगाच्या पेशी काचपात्रात अखंड वाढतात. मात्र त्यांचं प्रतिपिंड नेमकं कशाला चिकटतं, हे सहसा कळत नाही.

मिलस्टाईन यांचं भाषण ऐकून जॉर्जेस क्योलर हा तरुण जर्मन संशोधक १९७४ मध्ये त्यांच्याकडे आला. दोघांनी उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या, त्याच्या प्लीहेतल्या पेशी काढल्या आणि सेंदाई विषाणूच्या मदतीनं त्यांचा मायलोमाच्या पेशींशी संकर घडवला. खरी करामत पुढच्या निवडीत आहे. मायलोमाच्या पेशी मुद्दाम एका विकराला मुकलेल्या घेतल्या होत्या, त्यामुळे ठरावीक पोषकद्रवात त्या मरत. प्लीहेच्या पेशी आपोआप संपत. तगत फक्त संकरपेशी, कारण एका पालकाकडून त्यांना ते विकर मिळे आणि दुसऱ्याकडून अखंड वाढण्याची ताकद.

निकाल पाहायला क्योलर संध्याकाळी तळघरातल्या खोलीत गेले, सोबतीला पत्नीला घेऊन. प्रतिपिंड तयार होत असेल तर मेंढीच्या रक्तपेशी फुटून थरात स्वच्छ वर्तुळं उमटणार होती. ती उमटली होती. ७ ऑगस्ट १९७५ च्या ‘नेचर’मध्ये दोघांचा लेख आला.

त्यानंतर महिनोन् महिने प्रयोग जमेना. अखेर एका रसायनाचा साठाच पेशींना विषारी ठरत असल्याचं निघालं. शोधाइतकीच ही चिकाटीही मोलाची मानायला हवी.

पेटंटाचं मात्र राहून गेलं. मिलस्टाईन यांनी शोधाबद्दल वरिष्ठांना आधीच कळवलं होतं. पण लेख छापून वर्ष उलटल्यावर पेटंटांशी संबंधित सरकारी महामंडळाचं उत्तर आलं, की तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसत नाही. मिलस्टाईन मागेल त्याला पेशी पाठवत राहिले. त्याच पेशी वापरून फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेनं कर्करोग आणि विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांची पेटंटं घेतली. १९८४ चं वैद्यकाचं नोबेल मात्र मिलस्टाईन, क्योलर आणि नील्स येर्ने यांना मिळालं.

उंदराचं प्रतिपिंड माणसाच्या शरीराला परकंच वाटतं. ती अडचण दूर करण्यासाठी मिलस्टाईन यांच्याच संस्थेतल्या ग्रेग विंटर यांनी १९८६ मध्ये त्याला मानवी रूप देण्याची रीत शोधली. या वेळी पेटंट घेतलं गेलं. २००२ मध्ये मिलस्टाईन गेले. २०१३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेची नवी इमारत केंब्रिजमध्ये उघडली. तिच्या खर्चात प्रतिपिंडांच्या पेटंटांतून आलेल्या पैशांचा वाटा होता.