प्रस्तावना: प्रश्नातले उपपद

‘टेबलावर पुस्तक आहे का?’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे का?’ या दोन प्रश्नांतले शब्द अगदी तेच आहेत. तरी पहिला विचारणाऱ्याला कुठलेही एखादे पुस्तक चालेल, आणि दुसऱ्याला हवे आहे ते दोघांनाही ठाऊक असलेले एकच पुस्तक. मराठीत हा भेद आपण बरेचदा शब्दांच्या क्रमाने दाखवतो आणि कुणी न शिकवता दाखवतो. स्वीडिश भाषेत तोच भेद उपपद दाखवते. म्हणून स्वीडिश शिकणाऱ्या मराठी माणसाला मी प्रथम हेच सांगेन, की उपपद आपल्या भाषेत नसले तरी त्यामागचा विचार आपल्याला परका नाही.

आधी थोडी ओळख. स्वीडिश नामांची लिंगे दोन, सामान्यलिंग आणि नपुंसकलिंग. सुमारे तीन चतुर्थांश नामे पहिल्या गटात येतात. ‘बूक’ म्हणजे पुस्तक, ‘एन बूक’ म्हणजे एखादे पुस्तक आणि ‘बूकेन’ म्हणजे ते पुस्तक. नपुंसकलिंगी ‘हूस’ म्हणजे घर. त्याची रूपे ‘एत् हूस’ आणि ‘हूसेत’. अनिश्चित उपपद नामाच्या आधी येते, निश्चित उपपद प्रत्यय होऊन नामाच्या शेवटी चिकटते. दोन्हींचा उगम ओळखीचा आहे. ‘एन’ हा मुळात ‘एक’ हा अंक, जसे आपण ‘एक माणूस आला होता’ म्हणतो तसा. शेवटचा प्रत्यय प्राचीन नॉर्स भाषेतल्या दर्शक सर्वनामातून आला. नामामागे उभे राहणारे ते सर्वनाम हळूहळू नामातच मुरले.

या विषयाचा अभ्यास प्रश्नांपासून का सुरू करावा? विधानात उपपद चुकले तर ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो. प्रश्नाला मात्र त्याला उत्तर द्यायचे असते, आणि आपल्याला आधीपासून काय ठाऊक आहे असे विचारणारा धरून चालला आहे, हे तो उपपदावरूनच ओळखतो. अनोळखी गावात ‘फिन्स दे एत् आपुतेक हेर?’ असे विचारले, तर इथे औषधाचे दुकान आहे की नाही, एवढाच प्रश्न होतो. ‘वार लिगेर आपुतेकेत?’ असे विचारले, तर दुकान आहे हे गृहीतच आहे. हवा आहे तो रस्ता. ‘फिन्स दे’ने अस्तित्व विचारताना पुढे अनिश्चित नाम येते. पण ठरावीक पुस्तक उपलब्ध आहे का, असे विचारायचे असेल, तर ‘दे’ गळून जातो आणि ‘फिन्स बूकेन?’ उरते.

स्वीडिश इथेच थांबत नाही. ‘हार दू बील?’ या प्रश्नात नाम उघडेच आहे. तुमच्याकडे गाडीची सोय आहे का, एवढेच त्यात विचारले आहे. गाडी कोणती हा मुद्दाच नाही. ‘हार दू एन बील?’ म्हटले की एक गाडी, एक वस्तू नजरेसमोर येते. ‘हार दू बीलेन?’ म्हणजे ती आपली गाडी आज तुझ्याकडे आहे का? ‘घरी कुत्रा आहे का?’ असे आपण सहज विचारतो, तसेच ‘हार दू हुंद?’ हेही उपपदाविना विचारले जाते. व्यवसायाचेही तेच. ‘एर हून लेकारे?’ म्हणजे ती डॉक्टर आहे का? पण ‘चांगली डॉक्टर’ म्हणायचे तर ‘एन ब्रा लेकारे’ असे उपपद परत येते.

काही ठिकाणी मराठी कान अडखळतो. ‘हात धुतलेस का?’ या प्रश्नात आपण हातांना काही जोडत नाही, स्वीडिश मात्र ‘हार दू त्वेत्तात हेंदेर्ना?’ असे निश्चित रूपच घेते. उलट ‘विल्केन’ म्हणजे ‘कोणते’ आणि ‘वेम्स’ म्हणजे ‘कुणाचे’ यांच्यापुढे नाम उघडे राहते: ‘विल्केन बूक?’, ‘वेम्स बूक?’ इथे ‘बूकेन’ म्हणणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. विशेषण आले की निश्चिती दोनदा दाखवावी लागते. ‘ती मोठी गाडी’ म्हणजे ‘देन स्तूरा बीलेन’. पुढे ‘देन’ आणि मागे प्रत्यय. शेजारच्या डॅनिशमध्ये अशा वेळी पुढचे उपपद पुरते. एक गोष्ट मात्र सरळ आपल्यासारखी आहे: ‘काही प्रश्न आहेत का?’ याला स्वीडिशमध्ये ‘हार दू नोग्रा फ्रोगुर?’ म्हणतात, आणि त्यातला ‘नोग्रा’ आपल्या ‘काही’चेच काम करतो.

या क्षेत्रात अभ्यासाला भरपूर वाव आहे. पॉल क्रिस्टोफर्सन यांनी 1939 साली इंग्रजी उपपदांवरच्या ग्रंथात निश्चित उपपदाचा संबंध ऐकणाऱ्याच्या परिचयाशी जोडला. तो विचार स्वीडिश प्रश्नांनाही उपयोगी पडतो. 1999 मध्ये स्वीडिश अकादमीचे चार खंडांचे व्याकरण आले. एस्टेन डाल यांनी 2015 च्या ग्रंथात स्कँडिनेव्हियातल्या बोलींमधल्या नामरूपांचा मागोवा घेतला. उत्तर स्वीडनच्या बोलींत निश्चित प्रत्यय प्रमाणभाषेपेक्षा बराच पुढे पसरला आहे. दूध किंवा पाणी यांचे अनिश्चित प्रमाण सांगतानाही तो लागतो. म्हणजे ‘ठाऊक असलेले’ आणि ‘नसलेले’ यांच्यातली सीमा प्रत्येक बोली आपल्या सोयीने आखते. मराठीची सीमा कुठे आहे, याकडेही त्यामुळे नव्याने पाहता येते.

पुणे परिसरात एसकेएफ, अल्फा लावल, अ‍ॅटलस कॉप्को अशा मुळच्या स्वीडिश कंपन्या अनेक वर्षे आहेत, आणि त्या निमित्ताने मराठी माणसे स्वीडनला जात-येत असतात. कामाची भाषा इंग्रजी असली तरी दुकानात, बसथांब्यावर, मुलांच्या शाळेत प्रश्न स्वीडिशमध्येच विचारावेसे वाटतात.

त्यांना आणि या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. तक्ते पाठ कराच, कारण ‘एन’ की ‘एत्’ हे प्रत्येक नामासोबत लक्षातच ठेवावे लागते. पण प्रश्न तोंडातून निघण्याआधी क्षणभर समोरच्याचा विचार करा: मी कशाबद्दल बोलतो आहे, हे त्याला ठाऊक आहे का? याचे उत्तर मिळाले, की उपपद बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते.