घुंडीवरचा आकडा आणि हिंदुकुशातील हवा

१/ रायफलवरील दुर्बिणीच्या माथ्यावर एक लहानशी घुंडी असते. लक्ष्य ८०० मीटरवर असेल, तर तीवर ८ हा आकडा लावायचा आणि नेम धरायचा. या सोयीमागे एक गृहीतक दडलेले आहे : हवा सर्वत्र सारखीच असते. डोंगरात हे गृहीतक टिकत नाही.

२/ गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रक्षेपित वस्तूचा मार्ग परवलयाकार ठरवला, तो हवेचा विरोध बाजूला ठेवून. १७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने लंबकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला. वेगवान गोळीला हवा किती प्रचंड अडवते, हे त्यातून उघड झाले.

३/ सोव्हिएत सैन्याने १९६३ मध्ये येवगेनी द्रागुनोव्ह यांची स्नायपर रायफल स्वीकारली. तिच्या पीएसओ-१ दुर्बिणीच्या घुंडीवर १ ते १० आकडे होते. प्रत्येक आकडा म्हणजे १०० मीटर.

४/ हे आकडे ठरावीक हवेसाठी कोरलेले होते : तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब पाऱ्याचा ७५० मिलिमीटर, आर्द्रता ५० टक्के, वारा नाही. थोडक्यात, सखल मैदानातील एक शांत, सौम्य दिवस.

५/ डिसेंबर १९७९ मध्ये हीच रायफल घेऊन सैन्य अफगाणिस्तानात उतरले. तेथे ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरते. विरळ हवेत गोळीचा वेग कमी घटतो, ती लवकर पोहोचते आणि कमी खाली येते. मैदानी आकडा लावला, तर ती लक्ष्याच्या वरून जाते. आणि पहिली गोळी चुकली की स्नायपरची जागा उघडी पडते.

६/ थंडीचा परिणाम उलट. दाब तोच राहून पारा १५ वरून उणे २० अंशांवर गेला, तर हवा सुमारे एक-सप्तमांशाने दाट होते. शिवाय गार काडतुसातील दारू सावकाश जळते व गोळीचा आरंभीचा वेग घटतो. हिवाळ्यातील खिंडीत उंची गोळीला वर नेते, गारठा खाली ओढतो.

७/ सोव्हिएत निर्देशपुस्तिकेने उंचीसाठी एक साधा नियम दिला : जागा २,००० मीटरहून उंच आणि लक्ष्य ७०० मीटरपलीकडे असेल, तर घुंडी एक आकडा कमी लावावी. नियम ढोबळ खरा. पण बर्फात, घाईत, बधिर बोटांनीही पाळता येण्याजोगा.

८/ आज एकाच काडतुसासाठी, एकाच उंचीसाठी आणि तापमानासाठी खास घुंड्या कोरून मिळतात. त्या आपल्या हवेत अधिक अचूक असतात. पण ती हवा सोडून नेमबाज दुसऱ्या उंचीवर गेला की तो कोरीव आकडा त्याला फसवू लागतो. धातूवर कोरल्याने आकडा कायमचा होतो, खरा होत नाही. भारतीय लष्करानेही द्रागुनोव्ह रायफल वापरली, आणि हिमालयाची हवाही मैदानी नाही.